निथळेपर्यंत

चहा घेणार का, असं तिला विचारलं तर उत्तर येईपर्यंत चहावर साय धरायची. चेष्टा नाही करत. पहिल्या दिवशी मी तिच्यासमोर कप धरून उभा, ती माझ्याकडे शांतपणे बघते आहे, आणि मी मनात म्हणतो आहे, ही नवी मॅडम बहिरी आहे की घमेंडी? शेवटी कप तसाच घेऊन मी दारापर्यंत गेलो, तेव्हा मागून आवाज आला, ‘घेते ना, भाऊ.’ मी परत आलो. तिनं चहा घेतला, आणि तो थंड झाल्याबद्दल एक शब्द बोलली नाही.

मेडिकल कॉलेजच्या शरीररचना विभागात मी अटेंडंट होतो. कॉलेज कुठलं ते सांगत नाही, सांगून कुणाचं भलं व्हायचं नाही. गाव माझं चामोर्शीकडचं, धानाच्या पट्ट्यातलं. शिक्षण दहावीत सुटलं, पण पुढची तीसेक वर्षं डिसेक्शन हॉलमध्ये गेली. हौदातून देह काढायचे, टेबलावर मांडायचे, बरण्यांत फॉर्मलिन भरायचं, परीक्षेच्या दिवशी ट्रेमध्ये हृदय, मूत्रपिंड, फुप्फुस असे नमुने लावून द्यायचे. ऐकून ऐकून इतकं पाठ झालं होतं की पहिल्या वर्षाची पोरं मला कोपऱ्यात गाठून विचारायची, काका, ही नस कोणती? मी सांगायचो, आणि वर दोन शिव्याही द्यायचो. स्वभावच माझा घाईचा. समोरच्याचं वाक्य निम्मं झालं की उरलेलं मीच पुरं करून टाकतो. बायको म्हणते की... म्हणजे बायको काही म्हणत नाही, तिच्या वतीनंही मीच म्हणतो.

अशा माणसाच्या विभागात ही ट्यूटर म्हणून येऊन पडली. अहेरीच्याही पलीकडच्या जंगलातली, माडिया घरातली. आश्रमशाळेत शिकून डॉक्टर झालेली. वय असेल सत्तावीस-अठ्ठावीस. तोंडावर मी तिला मॅडम म्हणायचो, मनात पोरगीच म्हणायचो. ती मला पहिल्या दिवसापासून भाऊ म्हणाली. आमच्या हेड सरांनाही दोनदा भाऊ म्हणाली. सर पुण्याकडचे, त्यांना ते पचायला महिना लागला.

हॉलमध्ये शिरण्याआधी ती चपला बाहेर काढायची. फरशीवर फॉर्मलिन सांडलेलं असतं, पाय भाजतील, असं मी चारदा सांगितलं. मग चपला घालून यायला लागली, पण देहाच्या टेबलाशी पोचल्यावर त्या काढायचीच. पोरं हसायची. काही दिवसांनी दोन-तीन पोरंही काढायला लागली. त्यांना मात्र मी बुटांसकट हाकललं, कारण पाय भाजला असता तर बोलणी मला खावी लागली असती.

तिच्या एप्रनच्या खिशात भाजलेली मोहफुलं आणि तीळ असायचे. कुणी चांगलं उत्तर दिलं की त्याच्या तळहातावर चिमूटभर ठेवायची. मोहाचा वास कसा असतो ते आमच्या भागात सांगायला नको, आणि त्या वासावरून लोकांना पहिल्यांदा काय आठवतं तेही. कुणीतरी तक्रार केली की ट्यूटर मॅडमच्या अंगाला सकाळी सकाळी दारूचा वास येतो. सरांनी बोलावून घेतलं. मी फाईल द्यायच्या निमित्तानं तिथंच घुटमळलो. ती नेहमीसारखी बराच वेळ गप्प उभी राहिली. मला वाटलं, संपलं हिचं. मग तिनं खिसा उलटा करून सगळी फुलं सरांच्या टेबलावर ओतली. सरांनी एक उचललं, हुंगलं, चष्मा वर करून पाहिलं, तोंडात टाकलं. मग दुसरं टाकलं. तक्रारीचं पुढे काही झालं नाही, फक्त महिन्यातून एकदा सर मला हळूच विचारायचे, मॅडमकडे ते आहे का हो?

तिच्या त्या गप्प राहण्याचा उलगडा मला तिच्या वडिलांमुळे झाला. एकदा ते लेकीला भेटायला आले. उंच, वाळलेले, खांद्यावर टॉवेल. मी त्यांना सरांच्या खोलीत बसवलं. सर भले गृहस्थ, त्यांनी उठून नमस्कार केला आणि विचारलं, प्रवास कसा झाला? वडिलांनी टॉवेल काढून मांडीवर ठेवला. सरांकडे बघितलं. सर हसले. वडील बघत राहिले. सरांनी मोबाईल पाहिला, घड्याळ पाहिलं, बरं बरं, बसा, असं म्हणून मीटिंगला निघून गेले. दार लागल्यावर वडील त्या रिकाम्या खुर्चीला म्हणाले, ‘बस नदीलोकच येते. तिथलोक पायी आलो. बरा झाला.’

मी म्हटलं, बाबा, सर तर गेले. त्यांनी मान हलवली. राग नव्हता, नवलही नव्हतं. सरकारी माणूस असाच असतो, असं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

संध्याकाळी मी तिला हे रंगवून सांगितलं. ती हसली नाही. त्यांच्या गावात गोटुल आहे, म्हणजे सगळ्या गावानं मिळून बसायची जागा. तिथं मोठ्या माणसानं काही विचारलं की लगेच तोंड उघडायचं नसतं, असं तिनं सांगितलं. लगेच बोललं तर त्याचा प्रश्न हलका धरल्यासारखं होतं. आधी तो प्रश्न आपल्या आत उतरू द्यायचा, मग बोलायचं. विचारणाराही तोवर थांबतो, कारण त्यालाही ते ठाऊक असतं.

‘आमची पोरं नापास होऊन राह्यली ना भाऊ, ते याच्यातच,’ ती म्हणाली. ‘येत नाई म्हणून नाई. थांबत नाई कोणी म्हणून.’

हे मी एका कानानं ऐकलं आणि दुसऱ्यानं सोडलं. मी आजवर हजार पोरं तोंडी परीक्षेला उभी राहिलेली पाहिली होती. ज्याला येतं तो बोलतो, ज्याला येत नाही तो छताकडे बघतो, असा माझा साधा हिशेब. त्यात जंगलातून, पोडावरून म्हणजे डोंगरातल्या वस्तीवरून आलेली पोरं छताकडे नाही तर पायांकडे बघायची, एवढाच फरक. होस्टेलवर त्यांना पहिल्याच आठवड्यात विचारलं जायचं, किती मार्कांवर लागलास? तिनं आपल्या पोरांना शिकवून ठेवलं होतं की असं कुणी विचारलं तर तुम्ही विचारायचं, तुझ्या घरापासून तुझी शाळा किती लांब होती? भांडायचं नाही, खरंच विचारायचं, आणि त्यानं सांगेपर्यंत थांबायचं. पुष्कळ पोरांची त्यानं दोस्ती झाली, हे मी पाहिलं आहे.

मग तिनं ते घड्याळ आणलं. पी.टी.चे मास्तर धावण्याच्या शर्यतीला वापरतात तसलं, गळ्यात अडकवायचं, चंद्रपूरच्या खेळाच्या दुकानातून. गळ्यात न अडकवता ते एप्रनच्या खिशात, मोहफुलांच्या शेजारी. कॉलेजच्या तोंडी परीक्षांना ती मागे उभी राहायची आणि तिचा अंगठा खिशात हलत असायचा. परीक्षकानं प्रश्न विचारला की टिक. त्यानं दुसरा प्रश्न विचारला किंवा स्वतःच उत्तर सांगितलं की पुन्हा टिक. रात्री ते सगळं एका वहीत जायचं. मी एकदा वही पाहिली. कुणाचंही नाव नव्हतं, नुसतं कोण कुठून आलं आणि परीक्षक किती थांबला. माझ्यासारख्यालाही कळलं की ज्याच्याकडून उत्तर येईल असं वाटतं त्याच्यासाठी परीक्षक थांबतो, आणि ज्याच्याकडून येणार नाही असं वाटतं त्याला लगेच पुढचा प्रश्न मिळतो. हे कुणी मुद्दाम करत नाही, ती म्हणायची. मुद्दाम करत असते तर भांडून थांबवता आलं असतं.

व्हायचं तेच झालं. बाहेरून आलेल्या एका परीक्षकानं टिकटिक ऐकली. सरांनी तिला बोलावलं, आणि तिनं वही पुढे केली, सोबत अर्ज. प्रत्येक विद्यार्थ्याला प्रश्न विचारल्यावर ठरावीक वेळ थांबावं, असा नियम करा. सरांनी वही खरंच वाचली, हे मी त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. मग ते म्हणाले की हे विद्यापीठाच्या नियमात कुठं बसत नाही, बाहेरच्या परीक्षकांना आम्ही घड्याळ लावू शकत नाही, आणि शेवटी म्हणाले, ‘डॉक्टर, अहो, तातडीचा पेशंट असा थांबतो का?’

ती गप्प. सरांनी अर्ज बाजूला ठेवला आणि यापुढे परीक्षेच्या वेळी तिनं हॉलमध्ये यायचं नाही, असं सांगितलं. प्रश्नाचं उत्तर तिनं दुसऱ्या दिवशी दिलं, सर स्कूटर लावत असताना.

‘तातडीचा पेशंट एखादा असते, सर. बाकीच्याइले तं आपण नुसतं बोलूच देत नाई.’

सरांना आधी प्रश्नच आठवेना.

त्याच वर्षी आमच्याकडे एक कोलाम पोरगी होती. गडचांदूरच्या पुढे डोंगरात तिचा पोड, खाली सिमेंटच्या खाणी. त्या पोडावरून डॉक्टरकीला आलेली ती पहिली. लेखी परीक्षेत बरे मार्क, बाकीचे विषय सुटलेले, पण शरीररचनेच्या तोंडी परीक्षेत तीनदा नापास. आता शेवटची संधी. या खेपेला गेली की कॉलेजच सुटणार होतं. तिनं होस्टेलवर सामान बांधायला काढलं आहे, असं कानावर आलं होतं.

मॅडम एका दुपारी माझ्याकडे आली आणि म्हणाली, भाऊ, तुम्ही बाहेरचे परीक्षक व्हा. मी विचारलं, मीच काऊन? ती विचार करून म्हणाली, ‘तुमच्याइतकं खडूस इथी कोणी नाई.’

खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं. हाडांच्या खोलीत टेबल लावलं. मी खुंटीवरचा कुणाचा तरी कोट चढवला. पोरगी समोर उभी राहिली, बारीक, वेणी घट्ट बांधलेली. मी मांडीचं हाड तिच्या हातात दिलं आणि तीस वर्षं ऐकलेल्या आवाजात विचारलं, उजवं की डावं? पोरगी हाडाकडे बघायला लागली. बघते आहे, बघते आहे. मी म्हटलं, येत नाही? बरं, पुढचं!

मागे मॅडमच्या खिशात टिक झालं. मॅडमनं घड्याळ माझ्यापुढे धरलं. मला वाटलं होतं एक बिडी ओढून झाली असती इतका मी थांबलो. घड्याळात दोन सेकंदसुद्धा पुरते झाले नव्हते.

मी चिडलो. म्हटलं, मॅडम, तुम्ही घड्याळं लावत बसण्यापेक्षा हिला पटापट बोलायला शिकवा. जग काही तुमच्या गोटुलात बसलेलं नाही. काही न सुचलं तर निदान काहीतरी बडबडायला शिकवा, शहरातली पोरं तेच करतात. पोरगी हाड घेऊन आमच्या दोघांकडे बघत होती. मॅडमनं नेहमीचा वेळ घेतला.

‘बडबड शिकवता येते, भाऊ. मंग उद्या हे दवाखान्यात बसन, आन पेशंटले बोलूच देणार नाई. तसे डॉक्टर तुमाले अजून पायजेत का?’

मी हसण्यावारी नेलं. त्याच्या आदल्याच आठवड्यात गावी जाऊन मी बायकोला एका दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टरनं विचारलं, काय होतंय? ती पदर सावरत होती, तोवर मीच सांगून टाकलं, कंबर दुखते तिची. डॉक्टरनं गोळ्या लिहिल्या, दोन मिनिटांत आम्ही बाहेर. किती पटकन काम झालं म्हणून मी खूश होतो. मॅडमच्या बोलण्याचा आणि याचा काही संबंध आहे असं मला तेव्हा वाटलं नाही.

तरीही रोज दुपारी मी कोट चढवत राहिलो. हळूहळू थांबायला शिकलो, म्हणजे दात आवळून थांबायचो. आणि गंमत अशी की थांबलं की पोरगी बोलायची. उजवं-डावंच काय, कुठला स्नायू कुठं चिकटतो, कुठली नस कुठून वळते, सगळं सावकाश, एकामागून एक. मी मनात उरलेलं वाक्य पुरं करायचो, तर ती माझ्यापेक्षा जास्त सांगायची. मला तिचा लळा लागला, हे कबूल करतो.

परीक्षेचा दिवस आला. बाहेरून आलेल्या परीक्षकांना परतीची गाडी पकडायची होती, आल्या आल्या त्यांनी तीनदा वेळ विचारली. मॅडमला हॉलमध्ये यायला बंदी, ती बाहेर पायरीवर बसली होती. आत त्या पोरीला ओळखणारा मी एकटा, आणि मी तर भिंतीसारखा. तीस वर्षांत परीक्षेच्या वेळी मी तोंडातून शब्द काढला नव्हता.

पोरगी आली. परीक्षकांनी यादी बघत मला हातानं खूण केली, तो गर्भाशयाचा नमुना द्या, आणि लगेच तिला विचारलं, हे शरीरात जागेवर कशामुळे राहतं?

मी नमुना ट्रेमधून उचलला. पोरगी माझ्या हातांकडे बघायला लागली. ते बघणं मला आता ओळखीचं होतं, ती आत कुठंतरी पहिल्या पायरीवर पाय ठेवत होती. पण परीक्षकांना काय माहीत? त्यांचा डोळा यादीवर गेला, पेन उचललं गेलं, ओठ पुढच्या प्रश्नासाठी उघडले.

मी पुढे केलेला हात मागे घेतला. नमुना ट्रेवर धरला आणि म्हणालो, ‘सर, निथळतंय.’

ते माझ्याकडे बघायला लागले. मी थेंब पडू दिले. मग गॉजचा तुकडा घेतला आणि पुसायला सुरुवात केली. आधी पुढून, मग मागून, मग दोन्ही बाजूंच्या घड्या, एक एक. ते म्हणाले, राहू द्या हो. मी म्हटलं, फॉर्मलिन आहे सर, तुमच्या कागदावर सांडेल. मी आणखी सावकाश पुसत राहिलो. आणि मग पोरीचा आवाज आला.

तिनं खालून सुरुवात केली. तळाचे स्नायू, त्यांनी धरलेला भार, मग दोन्ही बाजूंचे बंध, मागचे, पुढचे, एकही न चुकता. परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. त्यांनी दुसरा प्रश्न विचारला, आणि मी दुसरा नमुना उचलला. योगायोगानं तोही ओलाच होता.

पोरगी पास झाली. निकाल लागला त्या दिवशी मी पेढे घेऊन मॅडमकडे गेलो आणि माझा पराक्रम सांगितला, निथळण्यापासून पुसण्यापर्यंत, हातवारे करून. तिनं पेढा हातात धरून ठेवला. मी वाट बघत होतो की आता ही म्हणेल, भाऊ, कमाल केली.

‘तुमी तिले चोरून दिलं, भाऊ,’ ती म्हणाली. ‘तिचं हक्काचं होतं ते.’

मला संताप आला. नोकरी पणाला लावली होती मी. आठ दिवस मी तिच्याशी बोललो नाही, चहाही शिपायाच्या हातून पाठवला. आठव्या दिवशी ती हाडांच्या खोलीत आली. हातात पांढऱ्या मांजरपाटाचे तुकडे, कडा हातानं शिवलेल्या, पंचवीस-तीस तरी असतील. आणि एक अर्ज. अर्ज माझ्या नावानं लिहिलेला, सरांना द्यायचा. परीक्षेत ओले नमुने दिल्यानं परीक्षकांच्या कपड्यांवर व कागदांवर फॉर्मलिन सांडतं, तरी प्रश्न विचारून झाल्यावर प्रत्येक नमुना विद्यार्थ्यासमोर पूर्ण निथळून, पुसून द्यावा, व तोवर उत्तराची घाई करू नये, ही नम्र विनंती.

मी म्हटलं, ही पण चोरीच की. ती बसली, एक कापड उलगडून पुन्हा घडी घातली.

‘एकीले दिलं तं चोरी होते, भाऊ. साऱ्याइले दिलं तं पद्धत होते.’

सरांनी अर्जावर उभ्या उभ्या सही केली. शेवटची ओळ त्यांनी वाचली की नाही मला माहीत नाही. वाचली असावी असं मला हल्ली वाटतं. पंधरा ऑगस्टला मला स्वच्छतेबद्दल प्रशस्तिपत्र मिळालं आणि मॅडम शेवटच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती. पुढच्या परीक्षेपासून मी सगळ्यांसाठी पुसायला लागलो. पोडावरच्या पोरांसाठी, नागपूरच्या पोरांसाठी, डॉक्टरांच्या पोरांसाठी. पटापट चुकीचं बोलणारी शहरी पोरंसुद्धा तेवढ्या वेळात एक घोट गिळून बरोबर बोलायला लागली. परीक्षकही खुर्चीला टेकून बसायचे. कुणी तक्रार केली नाही.

नंतर ती पुढच्या शिक्षणासाठी गेली. आता दुसऱ्या एका कॉलेजात शिकवते आणि विद्यापीठाला पत्रं लिहिते. तोंडी परीक्षेत थांबण्याचा नियम व्हावा म्हणून पाठवलेल्या प्रत्येक पत्राची प्रत मलाही येते, जणू मी कुणी मोठा माणूस आहे. उत्तर अजून आलेलं नाही. ती म्हणते, विद्यापीठ विचार करून राह्यलं असन.

मी रिटायर होऊन चामोर्शीला आलो. मागच्या महिन्यात बायकोची कंबर जास्तच धरली म्हणून तिला ग्रामीण रुग्णालयात नेलं. आत टेबलामागे तीच, गडचांदूरकडची पोरगी. वेणी तशीच घट्ट. मला बघून उठली, काका म्हणाली, मग बायकोला समोर बसवून विचारलं, काय होते, आई?

बायकोनं पदर सावरला. सवयीनं मी तोंड उघडलं, ‘कंबर दु...’ पोरीनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. गळ्यातला स्टेथोस्कोप काढला, खिशातून एक कापड काढलं, पांढरं, कडा हातानं शिवलेलं, आणि ती तो पुसायला लागली. आधी पुढून. मग मागून. मग नळी, वरून खाली. मी तोंड मिटलं.

बायको तिच्या हातांकडे बघत होती. बराच वेळ गेला.

‘अंग बाहेर येते, बाई,’ ती म्हणाली. ‘रोवण्याले वाकली का येते. लहान्याच्या बाळंतपणापासून.’

आमचा लहाना आता दोन पोरांचा बाप आहे. इतकी वर्षं ती धानाच्या बांधीत वाकून रोवणे, म्हणजे रोपांची लावणी, करत होती, आणि मी तिकडे ट्रेमध्ये गर्भाशय लावून देत होतो. ते जागेवर कशानं राहतं याचं उत्तर मी हजार वेळा ऐकलं होतं. एक चूक न करता म्हणून दाखवलं असतं. पोरीनं बायकोचा हात धरला, याला इलाज आहे, साधं ऑपरेशन आहे म्हणाली, आणि गडचिरोलीला पाठवायची चिठ्ठी लिहिली. बायको रडली नाही. मी मात्र चिठ्ठी घेऊन बाहेरच्या बाकावर जाऊन बसलो.

ऑपरेशन नीट झालं. घरी आल्यावर मी मॅडमला फोन लावला. ती सुटीवर गावी गेली होती, तिथं एका मोहाच्या झाडाखालीच रेंज येते. मी सगळं सांगितलं, त्या पोरीचं, कापडाचं, बायकोचं. म्हटलं, मॅडम, तुमच्यामुळे झालं हे. पलीकडे शांतता. आता मला सवय झाली होती, मी कान लावून बसलो. मागे शेळ्या ओरडत होत्या, कुणीतरी लांबून हाक मारत होतं.

‘वयनीले तुमी कधी इचारलं होतं का, भाऊ?’

मी आत खाटेवर पडलेल्या बायकोकडे बघितलं. फोन चालू होता. पलीकडे ती थांबली होती.